अर्थ सांगायचा नाही

कांदिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करण्यात श्यामकांत नाबरांची एकतीस वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत या गृहस्थांनी दोनच कामं मन लावून केली, टायपिंग आणि काउंटरवर आलेल्या लोकांना झापणं.

कुणी सहज विचारलं, "साहेब, पॅथॉलॉजी म्हणजे नक्की काय हो?" की नाबर चष्मा काढणार. "आजाराचा अभ्यास! उपचार नव्हे, औषध नव्हे. आजाराने शरीरात कुठे काय वाट लावलीय ते बघायचं, लिहायचं, पाकीट बंद!" आणि पाकीट फोडून कुणी रडवेल्या तोंडाने "वाईट काही नाही ना?" म्हटलं, तर उत्तर ठरलेलं. "अर्थ सांगायचा नाही. डॉक्टरांना विचारा." रिटायर होताना काउंटरवरच्या अनुपमाकडूनही त्यांनी हेच घोकून घेतलं. नियम बरोबरच होता म्हणा, पण जरा गोड बोलायला काय जात होतं या माणसाचं?

मग त्यांच्या बायकोच्या, माणिकताईंच्या, मानेवर गाठ आली. गाठीचा तुकडा तपासायला त्याच लॅबमध्ये गेला. पाच दिवस नाबरांच्या घशाखाली घास उतरेना. माणिकताई मात्र खमक्या. "अहो, मान माझी दुखतेय, तुमची का अवघडलीय?"

सहाव्या दिवशी दोघं लॅबमध्ये गेली. नाबरांनी पाकीट फोडलं खरं, पण कागद न उलगडताच अनुपमापुढे सरकवला.

"अनुपमा, शेवटची ओळ वाच गं. बरं आहे ना सगळं?"

"काका, अर्थ सांगायचा नाही. डॉक्टरांना विचारा," अनुपमा म्हणाली. हसू मात्र तिला लपवता येत नव्हतं.

घ्या! आता कुणाला झापणार? नाबरांनी कागद काउंटरवर पसरला आणि शेवटच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. ही ओळ त्यांनी हजार वेळा टाइप केली असेल. वाचली अशी कधीच नव्हती.

"काय लिहिलंय? अर्थ काय त्याचा?" माणिकताईंचा आवाज आता पहिल्यांदा कापरा झाला.

"डॉक्टरांना..." सवयीने तोंडातून निघालं, पण वाक्य त्यांनी तिथेच तोडलं. भर काउंटरवर नाबरांनी बायकोचा हात घट्ट धरला.

"अर्थ असा, की तुला कॅन्सर नाहीये गं, माणिक," ते म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.