शिवशंकरच्या फोटोतला उजेड

हट्टा गावच्या बाजारगल्लीत प्रेमदास चव्हाणचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. पुढं रस्ता, मागं परसाकडं उघडणारं पश्चिमेचं दार. मुळात ती जागा सटवाजी कदमांची. प्रेमदास सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा. बारावीला दोनदा नापास झाल्यावर तो सटवाजींकडं काम शिकायला आला आणि इथलाच झाला. सटवाजींना मूलबाळ नव्हतं. शहाण्णव साली ते वारले, त्याआधीच त्यांनी कॅमेरा त्याच्या हातात देऊन सांगितलं होतं, "हा आता तुझा. काच सांभाळ."

काच म्हणजे लेन्स. कॅमेरा रशियन बनावटीचा, जुना. त्यात डोळा लावला की समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसत. लेन्सभोवतीचं कडं फिरवून त्या एकमेकीवर बसवल्या की फोकस जुळला. ही लेन्स रुंद नजरेची होती, पांढऱ्या धातूची, आवळ्याएवढी. त्या अरुंद खोलीत अख्खं घर एका फोटोत मावायचं ते तिच्यामुळं. एकट्या माणसाचा फोटो काढायचा तर मात्र अगदी जवळ जावं लागे, दोन-अडीच हातांवर. एवढ्या जवळ गेल्यावर गप्प बसून चालत नाही. प्रेमदास माणसाला बोलतं करायचा आणि ते बोलता बोलता थांबलं की बटण दाबायचा.

दुपार कलली की तो लोकांना मागच्या दारात बसवी. पाठीमागून ऊन येई आणि फोटोत माणसाच्या कडेनं एक मऊ उजेड पसरे. केसांवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर. माझ्या थोरल्या बहिणीचा असा एक फोटो आमच्या घरात आहे. तिला बघायला आलेले लोक तो फोटो बघूनच अर्धे राजी झाले होते, असं आई सांगे.

चौऱ्याण्णव साली पार्वतीबाईंचा शिवशंकर त्या दारात बसला. पार्वतीबाई विधवा, गावाबाहेर दोन एकर रान आणि हा एकुलता मुलगा. वीस वर्षांचा पोरगा, नवा शर्ट घालून आलेला. प्रेमदासनं त्याला विचारलं, "काहून रे, कुनाला द्यायचा फोटू?" तो लाजून खाली बघून हसला आणि मान वर करताना फोटो निघाला. पुढच्या वर्षी तो कामासाठी सुरतेला गेला. काही महिने पत्रं आली, मग थांबली. गावातली दोघं-तिघं शोधायला जाऊन आली. तो राहत होता त्या खोलीत दुसरीच माणसं होती.

सत्त्याण्णव साली लेन्सचं कडं फिरेनासं झालं. आतलं वंगण सुकलं होतं. हैद्राबादला जुन्या बाजारात रहमतभाई नावाचे एक कारागीर होते, सटवाजींच्या ओळखीचे. प्रेमदासनं लेन्स त्यांच्याकडं पाठवली. दोन महिन्यांनी परत आली तेव्हा कडं लोण्यासारखं फिरत होतं. फोटोही स्वच्छ येऊ लागले. गिऱ्हाइकं खूश होती, आणि कामाच्या रगाड्यात काही हरवलंय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ते ध्यानात आणून दिलं पार्वतीबाईंनी. दोन हजार साली, संक्रांतीनंतर त्या शिवशंकरचा फोटो पदराखाली धरून आल्या.

"पेमदास, माझा एक फोटू काढ. आन ह्याच्या बाजूला लावून एकच चौकट करून दे."

"देतो की मावशी. बसा."

"आसं न्हाई. ह्याच्या अंगावर जसा उजेड हाय ना, तसाच माझ्या अंगावर आला पायजे. बघनाऱ्याला वाटलं पायजे, दोघं एकाच दारात बसून राहिले."

प्रेमदासनं त्यांना त्याच दारात, त्याच वेळेला बसवलं. फोटो धुऊन दोन्ही शेजारी ठेवले आणि तो बघतच राहिला. पार्वतीबाई ठळक आल्या होत्या. पदराचा काठ, कपाळावरचं गोंदण, सगळं कोरल्यासारखं. पण तो उजेड नव्हता. मागचं ऊन होतं, ते मागंच राहिलं होतं.

त्यानं चार वेळा काढून बघितलं. मग जुन्या निगेटिव्हचे डबे उघडले. सत्त्याण्णवच्या अलीकडं आणि पलीकडं, असे सरळ दोन भाग पडत होते. अलीकडचे लोक नुसते फोटोत बसलेले. पलीकडचे कुठल्या तरी सरत्या दुपारीत बसलेले, आणि त्या दुपारीत आता जाता येत नव्हतं. त्याच्या मनात आलं, हैद्राबादेत आपली लेन्स बदलली. त्यानं रहमतभाईंना तसं पत्र लिहिलं, कडक शब्दांत. उलट टपाली कार्डावर दोन ओळी आल्या, "काच वही है. अल्लाह गवाह है." प्रेमदासनं ते कार्ड फाडून टाकलं.

पुढची दोन-तीन वर्षं तो त्या लेन्सच्या मागं लागला. त्याच जातीची लेन्स वेगवेगळ्या काळात वेगवेगळी निघाली होती. नांदेडच्या एका फोटोग्राफरकडं काळ्या रंगाची, मागाहूनची आवृत्ती होती. ती तो मागून घेऊन आला. औरंगाबादच्या एका निवृत्त बातमी-छायाचित्रकाराकडं पांढरी होती, हिच्याहून जुनी. त्यानंही विश्वासानं दिली. मागच्या दारात खुर्ची मांडून प्रेमदासनं तिन्ही लेन्सनी फोटो काढले. खुर्चीवर बायको, निर्मलाबाई. कुठला फोटो कुठल्या लेन्सचा हे कळावं म्हणून तिच्या हातात आकडा लिहिलेली पाटी.

"मी काय चोर हाय का, पाटी धरून बसायला?" ती म्हणाली.

"हालू नको. आता दोन नंबर."

काळीच्या काचेवर जांभळी झाक होती. तिचा फोटो करकरीत, उन्हाला जराही न भिणारा. औरंगाबादची लेन्स निळसर झाकेची. तिच्या फोटोत कडा थोड्या सैल पडत, ऊन जास्त झालं की सगळंच फिकं होई. आपल्याकडची या दोन्हींच्या मधली. एकीच्याही फोटोत शिवशंकरच्या खांद्यावरचा उजेड उतरेना. मधून मधून पार्वतीबाई येऊन जात. घाई कधी केली नाही. दारातून विचारत, "गावला का रे?" तो मान हलवी आणि त्या बाजाराची पिशवी सावरत निघून जात.

दोन हजार चार साली सटवाजींच्या पत्नी पद्माबाईंनी घर रंगवायला काढलं. ट्रंकेत एक जुनी पावती निघाली, ती त्यांनी प्रेमदासकडं आणून दिली. कॅमेरा घेतला तेव्हाची. त्यावर लेन्सचा नंबर लिहिला होता. प्रेमदासनं आपल्या लेन्सवरचा नंबर ताडून पाहिला. एकूण एक आकडा बरोबर जुळला.

लेन्स बदललेली नव्हतीच. मग बदललं काय? आणि त्या म्हाताऱ्या कारागिराला आपण चोर ठरवलं.

त्याच आठवड्यात तो नांदेडहून रेल्वेनं हैद्राबादला गेला. रहमतभाई खूप थकले होते, पण डोळ्याला भिंग लावून काम चालूच होतं. प्रेमदास आधी पायांशी वाकला, मग पावती दाखवली. रहमतभाईंनी ती बघितलीसुद्धा नाही.

"अंदर जाला पड़ गया था, मियाँ," ते म्हणाले. "तेल उड़ के काच दूध जैसी हो गई थी. मैंने खोल के साफ करी. बड़ी मेहनत से."

"वोच चाहिए था मेरे को," प्रेमदास म्हणाला. त्यानं पिशवीतून शिवशंकरच्या फोटोची प्रत काढली आणि सगळी हकीकत सांगितली.

रहमतभाईंनी फोटो खिडकीकडं धरून बराच वेळ पाहिला. "तुम जिसको ढूँढते, वो काच का नुक्स था. तीस बरस की नमी मैं किधर से लाऊँ?" मग फोटो परत देत म्हणाले, "काच पे साँस मारो. भाप उड़ते उड़ते एक लम्हा ऐसाच आएगा. पकड़ में आया तो आया."

परत आल्यावर प्रेमदासनं पार्वतीबाईंना बोलावलं. त्या धुवट पांढरं लुगडं नेसून आल्या. दारात बसल्या. प्रेमदास दोन हात अंतरावर उकिडवा बसला, लेन्सवर तोंडाची वाफ सोडली, आणि वाफ कडेकडून विरत आली की बटण दाबायचं, असं करत अख्खा रोल संपवला. मधेच त्यानं विचारलं, "मावशी, शिवशंकर ल्हानपनी कसा व्हता?" पार्वतीबाई म्हणाल्या, "भात खाताना गानं म्हनायचा," आणि थांबल्या.

छत्तीसांतला तो एक फोटो साधला. केसांवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर तोच मऊ उजेड. प्रेमदासला रडू फुटायचं बाकी होतं. त्यानं तो आणि पूर्वी काढलेला ठळक फोटो, दोन्ही पार्वतीबाईंसमोर ठेवले.

पार्वतीबाईंनी उजेडाचा फोटो हातात घेतला. चेहऱ्यावरून बोट फिरवलं. "लई चांगला झाला रे. मी आशी व्हते, तो गेला तवा." मग त्यांनी तो खाली ठेवला आणि दुसरा उचलला. "पन चौकटीत हा लाव."

"काहून मावशी? येवढी चार वर्सं..."

"त्यो आला आन मी नसले, तर? त्याला कळाया पायजे ना, आई कितपत म्हातारी झाली व्हती. ह्यात समदं दिसून राहिलं. ह्या सुरकुत्या त्याच्याच वाट बघन्याच्या हायेत. त्या झाकू नको."

प्रेमदासनं त्या म्हणाल्या तशी चौकट करून दिली. डाव्या बाजूला वीस वर्षांचा लाजरा पोरगा, कडेनं उजळलेला. उजव्या बाजूला ठळक, उघडी म्हातारी. दोघं एका दारात बसल्यासारखी मुळीच दिसत नव्हती. मी ती चौकट पाहिली आहे. मधल्या पट्टीकडं बघवत नसे.

उजेडाच्या फोटोचं काय करायचं, हेही पार्वतीबाईंनीच ठरवलं. "त्यो त्याला धाड," त्या म्हणाल्या. सुरतेच्या शेवटच्या पत्रावर पत्ता होता, तिथं आता कुणी नाही हे गावाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. प्रेमदासनं दोन पुठ्ठ्यांच्या मधे फोटो घालून पाकीट शिवलं, मागं स्वतःचा पत्ता लिहिला आणि पोस्टात टाकलं.

ते पाकीट परत आलं नाही. महिना झाला, पावसाळा गेला, तरी नाही. "परत आलं न्हाई म्हंजे कुनीतरी घेतलं," पार्वतीबाई भेटेल त्याला सांगत. पुढं दोन हजार सातच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. तोवर गावात डिजिटल कॅमेरे आले होते, रोल मिळायला नांदेडला जावं लागे, आणि प्रेमदासनंही पासपोर्ट फोटोंसाठी नवा कॅमेरा घेतला होता.

मी एकदा सहज त्याच्याकडं बसलो होतो. पोस्टमन सायकलवरून येताना दिसला. प्रेमदास बोलता बोलता थांबला, आणि सायकल पुढं निघून जाईस्तोवर त्यानं श्वास धरून ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई न्हाई," तो म्हणाला. "आज बी पाकीट परत आलं न्हाई."