काकांचं 'उद्या' आणि कंपनीचं 'लवकरच'

आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. तरी मी लिहितोय, चुकलं तर माफ करा.

बडनेऱ्याला स्टेशनसमोर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत. गिऱ्हाइकाला ते नेहमी "उद्या या" म्हणतात आणि मोबाइलवर क्रिकेटचा गेम खेळतात. त्यात दोन वर्षं खपून त्यांनी संघ उभा केला होता. नव्या अपडेटनंतर तो उघडेनाच. कंपनी म्हणे, दुरुस्तीचा पॅच लवकरच येईल.

मग काका माझ्याकडून कंपनीला इंग्रजीत अर्ज लिहून घेऊ लागले. प्रत्येकाखाली 'पोच मिळावी' हवंच.

"लवकरच म्हंजे कवा? कावून सांगत नाई हे लोकं?"

"तुमच्या उद्यासारखंच असन, काका," चार महिने घड्याळासाठी खेपा घालणारे रेल्वेचे गार्डसाहेब म्हणाले.

परवा कंपनीचं उत्तर आलं. पॅच येणार नाही, जुने संघ गेले, असं मी वाचून सांगितलं. काका डोळ्याला भिंग लावून रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिले.

"हे पयलेच सांगाले काय झालं होतं?"

मग त्यांनी खणातून एक घड्याळ काढलं आणि फोन लावला.

"गार्डसाहेब, तुमचं घड्याळ काई होत नाई. आजच घेऊन जा."