एकाच ताग्यातलं रेशीम

सेंगकांग गावच्या तळ्याकाठी नवरी सजवायची म्हणजे रोस्मीच हवी. रोस्मी चलाबाई, म्हणजे जन्माने पुरुष, पण नेसणं, मुरडणं, रुसणं सगळं बाईचं, आणि भांडायला बसली की चार बायांना भारी. तिच्यासारख्या आणखी काही जणी गावात होत्या. लग्नघरात त्यांचा राबता असायचा. कुणी स्वयंपाकाला, कुणी मांडव सजवायला, कुणी नुसतीच नवरदेवाच्या मित्रांवर डोळा ठेवून.

या चलाबाया तापाने झिजून मरत होत्या. दवाखान्यात त्यांना बाहेर ताटकळत ठेवत, म्हणून त्या तिकडे फिरकतच नसत. एचआयव्हीची तपासणी आणि गोळ्या त्यांच्यापर्यंत न्यायच्या कशा, हे शोधायला मकासर शहरातून डॉक्टर तेनरी आणि तिची माणसं आली, आणि त्यांना रोस्मीची पावडर-लालीची पेटी सापडली. त्या पेटीतून गोळ्या घरोघर जायला लागल्या. सजवणारीच्या पेटीत कोण कशाला डोकावतंय! मीना तर कबरस्तानाच्या वाटेवरून परतली. गाल पुन्हा भरले, आणि दुसऱ्यांचे झुमके मागून मिरवायची जुनी खोडही परत आली.

आपल्या या अभ्यासात सामील होऊन गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांना काहीतरी भेट द्यावी असं डॉक्टरच्या मनात आलं. "टॉवेल चालतील?"

"टॉवेल? अहो डॉक्टर, आम्ही काय न्हाव्यापुढे बसलोय? रेशीम द्या. मी निवडते."

रोस्मीने निवडलं. पोपटी, झगझगीत, सगळं एकाच ताग्यातलं. आपल्या माणसांना एकसारखं कापड द्यायचं, ही इथली रीतच. लग्नात कोण कुणाचं, ते कापडावरून ओळखायचं. निरनिराळे तुकडे वाटले असते तर बायांनी तिला फाडून खाल्लं असतं. डॉक्टरलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग हालिजा पुआंगच्या, म्हणजे गावातल्या बड्या बाईसाहेबांच्या, मुलीचं लग्न निघालं. सजवणारीने नवरीपुढे झगमगायचं नसतं, म्हणून रोस्मी साध्या पांढऱ्यात होती. ती नवरीच्या कपाळावर काडीने काळी महिरप रेखत बसली होती. खिडकीतून खालचं अंगण दिसत होतं.

आधी मीना आली, पोपटी.

"अगोबाई, पोपट आला!" खाली हशा पिकला.

मागून दुसरी आली, तीही पोपटी. मग तिघी एकदम.

"अगं, थवाच उतरला की!"

रोस्मीही हसली. आणि खालचं हसू मध्येच तुटलं.

दवाखान्यात झाडलोट करणारी जुमरिया बोलत होती. "हा तागा डॉक्टरच्या गाडीतून उतरला तेव्हा मी अंगणच झाडत होते. ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला, गोळ्यावाल्यांची भेट आहे."

"कसल्या गोळ्या?"

"आता कसल्या ते माझ्या तोंडून वदवता का?"

मीना कॉफीचा ट्रे घेऊन फिरत होती. एकही हात पुढे आला नाही.

"घ्या की गं, विष नाही घातलं!"

कुणी हसलं नाही. ट्रे भरलेलाच स्वयंपाकघरात परतला. रोस्मीची काडी नवरीच्या कपाळावर थबकली.

जिना चढून हालिजा पुआंग आली. आवाज अगदी मऊ. "रोस्मी, ते पोपटी कापड कुठलं गं?"

"विणकराकडचं, पुआंग. ओळखीचा आहे."

"मग तू नाही शिवलंस?"

"मला पोपटी शोभत नाही."

हालिजाने लेकीची हनुवटी हलकेच आपल्याकडे वळवली. "राहू दे. पुढचं आम्ही बघू."

महिरप अर्धीच झाली होती. खाली पोपटी कपडे एकेक करून मागच्या दाराने नाहीसे झाले. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. रोस्मीला त्याचीच धास्ती वाटली.

गोळ्या पोचवायचा दिवस आला तेव्हा एकाही घराचं दार उघडलं नाही. मीना दाराआडूनच बोलली.

"पेटी घेऊन येऊ नकोस. गल्ली बघते."

"तुझ्या संपत आल्या असतील."

"तळ्यात टाकल्या."

"मीने, मरशील गं!"

"मरेन तेव्हा मरेन. पण त्या रोगाची म्हणून जगायचं कसं, ते तुझ्या डॉक्टरला विचारून ये."

रोस्मीने गोळ्यांचं पाकीट दाराखालून आत सरकवलं. ते तसंच बाहेर आलं. तिने पुन्हा सरकवलं. पुन्हा बाहेर.

पाठीमागे समोरच्या घराची खिडकी करकरली. मग तिच्या शेजारची. रोस्मीने वळून पाहिलं नाही. कुणाला दिसू नये म्हणून तिने पाकिटावर पाय ठेवला आणि तशीच उभी राहिली. खिडक्या उघडतच होत्या.