ओझरवाल्यांचा रूमर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या ओझरवाल्यांनी आयुष्यात कशावरही विश्वास ठेवलेला नाही. साक्षात ब्रह्मदेव काही सांगायला आला, तर ते त्यालाही विचारतील, "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" ओझरच्या विमान कारखान्यात त्यांचा जन्म तपासणी खात्यात गेला. रिटायर झाल्यावर विमानं उरली नाहीत, म्हणून ते आम्हाला तपासतात. कोणी काही सांगितलं की त्यांचा एकच शब्द, "रूमर!" मी चौथीपर्यंत शिकलेली. एकदा चिडून विचारलं, "मला खोटारडी म्हणता?" तर जिन्यातच शिकवणी घेतली. "आक्का, रूमर म्हणजे खोटं नव्हे. रूमर म्हणजे अजून तपासलेलं नाही. खरंही निघेल. पण तोवर रडायचं नाही आणि पेढेही वाटायचे नाहीत."

उद्या पाणी नाही असं कळलं की सगळी कॉलनी पिंपं भरते. हे स्कूटर काढून टाकीवरच्या वॉचमनला विचारायला जातात. खात्री करून परत येतात तोवर नळ गेलेला असतो आणि त्यांची बायको बादली घेऊन माझ्या दारात. तीच एकदा म्हणाली, "मुलगी दिसायला बरी आहे, असं मध्यस्थानं यांना सांगितलं होतं. तपासणी अजून चालूच आहे."

मागच्या उन्हाळ्यात सकाळी सिन्नरहून भाच्याचा फोन आला. "मावशी, आई गेली," म्हणाला आणि ठेवलाच. माहेरचं माझं तेवढंच माणूस उरलेलं. मी दारातच बसले आणि हंबरडा फोडला. बायका जमल्या. ओझरवाले खाली आले. "कोणी पाहिलं?"

"अहो, पोटचा मुलगा सांगतोय!" एक बाई ओरडली.

"मग आता परत लावलेला फोन का उचलत नाही?" असं म्हणून त्यांनी मला गाडीत घातलं. वाटभर मी रडत होते आणि ते "अजून तपासलेलं नाही, आक्का" एवढंच म्हणत होते.

सिन्नरला बहीण ओट्यावर लसूण सोलत बसलेली. मला बघून तिनं कपाळाला हात लावला. "एवढ्यात कशाला आलीस? संध्याकाळी खरं कळवणार होतो की!"

सकाळी तिला कावळ्यांची जोडी लागलेली दिसली होती. तसं दिसलं की मरण ओढवतं म्हणतात. ते टाळायला आपल्या माणसांना मेल्याची खोटी बातमी धाडायची. ती माणसं मनापासून रडली की दोष जातो. जुनी रीत, मलाही ठाऊक होती. पण बहीण मेल्यावर रीत कोणाला आठवते?

"रडलीस का पण?" तिनं विचारलं.

"नाही, फुगडी घातली."

"नीट सांग गं, माझ्या जिवाचा प्रश्न आहे."

ओझरवाले पुढे झाले. "घरापासून मोहदरी घाटापर्यंत रडल्या. मी स्वतः पाहिलं."

तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. तिनं पिठलं-भाकरी केली. गुडघ्यांमुळे माझं सिन्नरला जाणं कधीच सुटलं होतं. वाढताना ती म्हणाली, "मेले तेव्हा आलीस." मी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. घरीच बसले असते तर ती जिवंत आहे हे संध्याकाळी फोनवर कळलं असतं, आणि भेट राहिलीच असती.

ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी बोलत बसलो. ओझरवाले पलीकडे लिंबाखाली बसून होते. त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.