भंगार, चौदा किलो

माझ्या मावशीने एकतीस वर्षं एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली. लाल दिवा, थंड पाण्याने सुरकुतलेली बोटं आणि समोर तो एन्लार्जर. खांबावर वर-खाली सरकणाऱ्या त्याच्या डोक्यात निगेटिव्ह घालायची, दिवा लावायचा, की खाली कागदावर बोटभर चेहरा वीतभर होऊन पडायचा. बाहेर उजेडात आली की ती डोळे किलकिले करायची, म्हणून स्टुडिओतले तिला घुबडबाई म्हणत. त्याचा तिला कधी राग आला नाही. राग पुढे आला, आणि आला तो मुक्कामालाच.

फिल्मचं काम संपलं, डार्करूमला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी मावशी मालकांना म्हणाली, "हा एन्लार्जर कधी विकायचा झाला तर आधी मला विचारा." मालकांचा मुलगा शेजारीच उभा होता. "तुम्हाला नाही तर कुणाला विचारणार, मावशी?" असं तोच म्हणाला.

चार वर्षांनी, मालक गेल्यावर, तिला तो एन्लार्जर जुन्या सामानाच्या दुकानात दिसला. वॉशिंग मशीन आणि मोडका पाळणा यांच्या मधे. फोकसच्या चाकावर तिनेच लावलेला नेलपॉलिशचा ठिपका तसाच होता.

"नऊ हजार," दुकानदार म्हणाला.

साबणाच्या वडीसाठी तीन दुकानं पालथी घालणारी माझी मावशी, पण तिने घासाघीस केली नाही. बिल हातात आलं तेव्हा मात्र भडकली. "हे वरचे सोळाशे वीस कसले?"

"टॅक्स. शेकडा अठरा."

"हा नवा घेतला तेव्हाच मालकांनी टॅक्स भरलाय. एकाच प्रवासाचं तिकीट दोनदा फाडता का?"

"ते सरकारला विचारा."

तिने पैसे भरले, टेम्पो केला, एन्लार्जर घरी उतरवला आणि तशीच माझ्याकडे आली. मी चार दुकानांचे हिशेब लिहिते. बिल माझ्यापुढे आपटून म्हणाली, "बघ, या मेल्याने मला लुबाडलंय की नाही!"

लुबाडलं होतं, पण थोडंसंच. जुना माल विकणाऱ्याने टॅक्स पूर्ण किमतीवर नाही, फक्त स्वतःच्या नफ्यावर लावायचा, असा नियम होता. मी तो तिला समजावला आणि तिथेच चुकले. दुसऱ्या दिवशी तिने मला टॅक्सच्या कचेरीत ओढत नेलं. तीन खिडक्या आणि दोन तास झाल्यावर एका बाईंनी नियमाचा कागद छापून दिला. तो घेऊन आम्ही दुकानात.

दुकानदाराने कागद वाचला, मान खाजवली आणि हसला. "बरोबर आहे. पण मावशी, तुमच्याच फायद्याचं सांगतो, सोडून द्या."

"का? पोटात दुखतंय?"

त्याने फाईल उघडली आणि खरेदीची पावती आमच्यासमोर सरकवली. 'लोखंडी भंगार, चौदा किलो, तीनशे.' खाली मालकांच्या मुलाची सही.

म्हणजे नऊ हजारांतले आठ हजार सातशे नफाच. मावशीला परत मिळायचे होते चौपन्न. दुकानदाराने ते मोजून ठेवले. तिने पाहिलंही नाही. ती पावतीवर बोट ठेवून उभी होती. "भंगार," एवढंच म्हणाली. चौपन्न मीच उचलले.

स्टुडिओत आता मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. मालकांचा मुलगा आम्हाला बघून उठला. "या, या! चहा सांगतो."

"चहा राहू दे. मशीन तीनशेला दिलंस?"

"ते होय! अहो, जागा अडवत होतं. त्या जुन्या सामानवाल्याला बोलावलं होतं, भंगारात तेही गेलं."

"मी पाठीमागच्या गल्लीत राहते. तुझ्याकडे फोन आहे. हजार फोनांची कव्हरं आहेत."

"लक्षात नाही राहिलं, मावशी. एवढं काय मनावर घेता? वाटल्यास फरकाचे पैसे देतो."

हे ऐकलं आणि तिचा आवाज चढला. "पैसे? तुझ्या बारशाचे, शाळेचे, बापाच्या साठीचे, सगळे फोटो त्याच्याखाली मी काढले. तू ते वजनावर विकलंस! मला फुकट नको होतं रे. एकदा विचारायचं होतं." दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर सटकलं. मुलगा मान खाली घालून काउंटर पुसत राहिला.

मावशीने न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावला आणि काम सुरू केलं. काका अंघोळीसाठी ताटकळत कुरकुरले, मग त्यांनाही सवय झाली. हळूहळू चित्रकलेच्या कॉलेजातली मुलंमुली फिल्म घेऊन येऊ लागली.

वर्षभराने मालकांचा मुलगा दारात आला. वडिलांचा मोठा फोटो लावायचा होता आणि निगेटिव्हशिवाय काही शिल्लक नव्हतं. मावशी त्याच्याशी बोललीच नाही. मला म्हणाली, "त्याला भाव सांग. सगळ्यांना सांगतो तोच. आणि आगाऊ."

त्याने मुकाट्याने पैसे दिले. तिने त्या एका फोटोसाठी सात कागद वाया घालवले, मालकांच्या कपाळावरची छाया मनासारखी उतरेपर्यंत. फोटो अप्रतिम झाला. तो न्यायला आला तेव्हा त्याचे डोळे भरले आणि काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं.

"दार ओढून घे," मावशी म्हणाली, "उजेड येतोय."