दोन हिरव्या रांगा

“सोमवारी मशीन येतंय,” ब्रेनर म्हणाले. “तुमची झाडं मेलीत, फ्राऊ मोहिते. जागा साफ करून मी तिथे बीचची झाडं लावतो.”

२००३ चा मार्च होता. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या उत्तरेकडच्या वाळवट जंगलात आम्ही दोघं उभे होतो. ब्रेनर तिथले फॉर्स्टर, म्हणजे आपल्याकडचे रेंजर म्हणा. समोर माझा प्लॉट होता. गेल्या वसंतात लावलेली रोपं तांबूस-तपकिरी पडली होती. माझी पीएचडी या प्लॉटवर उभी होती. प्लॉट गेला की प्रोजेक्ट बंद, प्रोजेक्ट बंद की व्हिसा बंद.

रोपं होती अ‍ॅटलास सीडरची. मोरोक्कोच्या डोंगरातलं झाड, आपल्या देवदाराचं चुलत भावंड. कल्पना साधी होती. जंगलात आज लावलेलं झाड शंभर वर्षं उभं राहायचं असतं, आणि शंभर वर्षांनी तिथला उन्हाळा आजच्यासारखा नसणार. मग तसल्या उन्हाळ्याची आधीच सवय असलेलं झाड आणून बघावं. ब्रेनरना परदेशी झाड हा प्रकारच मंजूर नव्हता. तुमच्याकडे निलगिरी लावून काय झालं, असं त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

ब्रेनर निघून गेले आणि मी ओल्या वाळूत गुडघे टेकले. रोप मेलंय की नाही, हे पानांवरून ठरवायचं नसतं. नखाने साल जराशी खरवडायची. आत तपकिरी असेल तर खेळ खलास. हिरवं असेल तर जीव आहे.

आत हिरवं होतं. पुढच्या रोपातही, त्याच्या पुढच्यातही. कळ्या टणक होत्या. मला तिथेच रडू आलं.

मग हे सुकलं कशाने? याला जर्मनमध्ये फ्रॉस्टट्रॉकनिस म्हणतात. जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी ओढता येत नाही. वरून मात्र स्वच्छ ऊन आणि वारा पानांमधलं पाणी पळवत राहतात. रोप थंडीने मरत नाही, तहानेने सुकतं.

एवढं उमगल्याच्या आनंदात मी प्लॉटच्या कडेला गेले. शेवटच्या दोन रांगा हिरव्यागार होत्या. त्यांच्या आजूबाजूला गिन्स्टर नावाचं चिवट झुडूप कमरेइतकं माजलं होतं. बाकीच्या प्लॉटमध्ये ते नव्हतं, कारण ऑक्टोबरमध्ये मी ते स्वतःच्या हातांनी काढलं होतं.

मी दापोलीला वनशास्त्र शिकले. पाऊस संपला की प्रत्येक रोपाभोवती हातभर जागा स्वच्छ करायची, गवत ठेवायचं नाही, हे तिथे आमच्या अंगात भिनवलेलं. कोकणात ते बरोबरच आहे. पुढचे आठ महिने कोरडे जातात, गवत पाणी पितं आणि वणव्याला वाट देतं. इथे त्याच झुडपाने रोपाला हिवाळ्याच्या उन्हापासून आणि वाऱ्यापासून झाकलं असतं. मी भारतातून मागवलेला विळा घेऊन मोठ्या हौसेने रोपांची पांघरुणं काढून टाकली होती. दोन रांगा वाचल्या, कारण तिथवर पोचेपर्यंत माझी पाठ धरली.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो सॉफ्टवेअरवाला. तो म्हणाला, “रोपं जिवंत आहेत एवढंच सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची.” पण कारण सांगितल्याशिवाय दोष झाडावर जाणार होता. एकदा ‘सीडर इथे टिकत नाही’ असं कागदावर आलं असतं, तर पुढची वीस वर्षं त्याला कुणी हात लावला नसता.

शुक्रवारी मीटिंग झाली. माझ्या गाइड फ्राऊ डॉक्टर केलर आणि ब्रेनर समोर बसले होते. मी टेबलावर दोन फांद्या ठेवल्या, एक तपकिरी, एक हिरवी. तपकिरीची साल त्यांच्यासमोर खरवडली.

“झाड नापास झालेलं नाही,” मी म्हणाले. “चूक माझी आहे. झुडपं मी काढली.”

केलरबाईंनी चष्मा काढला. “फील्ड डायरीत नोंद आहे?”

“आहे. ‘प्लॉटची सफाई पूर्ण. काम उत्तम झालं.’”

ब्रेनरनी हिरवी फांदी उचलून बघितली.

“मी तुम्हाला झुडपं काढताना पाहिलं होतं,” ते म्हणाले. “वाटलं, विद्यापीठाची माणसं, त्यांना माहीत असेल. बरं, आइसहायलिगेपर्यंत थांबू. मशीन पळून जात नाही.”

आइसहायलिगे म्हणजे मेच्या मध्यावरचे थंडीच्या संतांचे दिवस. ते उलटेपर्यंत इथला जुना माणूस नाजूक रोप बाहेर लावत नाही. मला दोन महिने मिळाले, तेही ब्रेनरकडून.

ते दोन महिने मी कसे काढले ते विचारू नका. संत उलटून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ब्रेनरचा फोन आला. फक्त “या” म्हणाले. मी सायकल मारत पोचले, तर ते प्लॉटमध्ये गुडघ्यांवर बसलेले. तपकिरी सुया गळून पडल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक फांदीवर पोपटी झुबके फुटले होते. मेलेली रोपं आम्ही मिळून मोजली. दोघांच्या हातांची बोटं पुरली.

“हो,” ब्रेनर म्हणाले. “जिवंत आहेत.”

मग तो उन्हाळा आला. २००३ चा उन्हाळा युरोपात अजून कुणी विसरलेलं नाही. आठवडेच्या आठवडे पाऊस नाही. शेजारचे स्प्रूसचे उंच सूचिपर्णी वृक्ष आधी तहानेने खंगले, मग सालीखालच्या किड्याने त्यांचा फडशा पाडला. ऑगस्टमध्ये सगळं रान करपलेलं आणि मध्ये माझा प्लॉट हिरवा. आम्ही पाण्याचा थेंबही घातला नव्हता. मी त्या प्लॉटला चार फेऱ्या मारल्या, उगाच, नुसतं मिरवायला.

सप्टेंबरमध्ये ब्रेनर स्वतः केलरबाईंच्या ऑफिसात आले आणि मेलेल्या स्प्रूसच्या जागेवर सीडर लावायला रोपं मागितली. नव्या लागवडीच्या करारात त्यांनी आपल्या हाताने एक ओळ घातली: फॉर्स्टरला विचारल्याशिवाय एकही झुडूप काढायचं नाही. मी सही केली आणि विळा त्यांना देऊन टाकला. त्यांनी तो ऑफिसात कोटाच्या खुंटीवर टांगला.

आता माझ्या हाताखाली नवी मुलं येतात तेव्हा मी एवढंच सांगते. परक्या रानात गेलात की झुडपाला हात लावण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, हे इथे काय करतंय. आणि विचारायचं राहिलंच, तर निदान दोन रांगा सोडा.