चांदीला मारलेली हाक

मुठ्याच्या रस्त्यावर शेळ्या आडव्या आल्या. गाडीच्या उघड्या काचेतून त्यांचा उग्र वास आला आणि मी मनाने थेट कासार आंबोलीच्या आमच्या जुन्या भाड्याच्या घरी पोचले.

माझी अडीच वर्षांची लेक ईरा तेव्हा एक शब्द बोलत नव्हती. तिने बोट दाखवायचा अवकाश, मी वस्तू हातात द्यायचे. एकदा शेजारच्या हिराबाईंनी गोठ्याचं दारच अडवलं. आत ईराची लाडकी शेळी, चांदी.

"हाक मार, मंगच उघडते."

ईरा रडकुंडीला आली. मी पुढे झाले, तर हिराबाई माझ्यावरच खेकसल्या, "तू गप ऱ्हा की जरा!"

मी ओठ मिटले.

"चांदी!" ईरा ओरडली. आतून चांदीने ओ दिली.

आता शेजारच्या सीटवर ईरा पौडपासून अखंड बोलतेय. मी नुसती मान डोलावते. हिराबाईंकडे त्या दिवशी मीही शिकले होते, गप्प राहायला.